पाळ कोणी पाहिली?

या सदरात एरवी मी मुलांच्या शाळेबद्दल, इथल्या कचऱ्याच्या चार डब्यांबद्दल आणि रविवारी ड्रिल मशीन चालवलं म्हणून रागावणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल लिहिते. यंदाचा विषय जरा मातकट आहे. मातीच्या पाळीबद्दल लिहायचं आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नावावर गावाकडे जमिनीचा एखादा तुकडा असतो. सातबाऱ्यावर सात-आठ नावं, त्यातली निम्मी पुण्या-नागपुरात, एखादं दुबईत आणि एखादं इथं ऱ्हाइनच्या काठी. त्या तुकड्यात कुणाची विहीर असते, कुणाचं शेततळं, कुणाचा नाल्यावरचा बांध. आमच्या तुकड्यात बोडी आहे. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा असेल, म्हणून आधी तेवढं सांगते. भूगोल शिकवायची जुनी सवय आहे, चालवून घ्या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. पाऊस भरपूर, पण भरवशाचा नाही. रोवणी झाली की पाऊस दडी मारतो आणि धान निसवायला आलं की पाण्याची खरी गरज लागते. म्हणून उताराच्या जमिनीवर खालच्या बाजूनं मातीची पाळ घालायची, पावसाळ्यात पाणी अडवायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खालच्या बांध्यांना सोडायचं. हे काम मोठं असेल तर तो तलाव, आणि एका-दोघांच्या शेतापुरतं असेल तर ती बोडी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं या भागात असे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्यांना आजही ‘माजी मालगुजारी तलाव’, किंवा आपल्या प्रेमळ भाषेत ‘मामा तलाव’, म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. बोड्या मात्र ज्याच्या शेतात त्याच्याच राहिल्या. म्हणजे बोडी हे खासगी मालकीचं, मातीचं, सिंचनाचं छोटंसं धरणच.

आमची बोडी साकोली तालुक्यात आहे. पणजोबांनी घातलेली. पाण्याचा पसारा अडीच एकरांचा, पाळ दोन माणसं उंच. मुलीला मी गणित घातलं होतं, तेच तुम्हालाही घालते. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर, दहा हजार चौरस मीटर. पाणी सरासरी दोन मीटर खोल धरलं तर वीस हजार घनमीटर. म्हणजे दोन कोटी लिटर. वजनात वीस हजार टन. ‘छोटीशी बोडी’ म्हणताना हा आकडा आपल्या डोळ्यांपुढे नसतो. पाळीच्या खाली तीनशे मीटरवर अकरा घरांचा टोला आहे. पणजोबांच्या वेळी तिथं घर नव्हतं. लोक नंतर आले, कारण बोडीखालच्या विहिरींना पाणी राहतं.

यंदा ऑगस्टमध्ये एका रविवारी काकाजींचा फोन आला. गावात राहणारे आमच्यातले ते एकटेच. वय बाहत्तर. म्हणाले, “बाई, पाळीच्या बुडाले पानी निंगून रायलं.”

मी विचारलं, “निवळ की गढूळ?”

“सकाळी निवळ होतं. आता गढूळ येऊन रायलं.”

हा प्रश्न मला बाबांनी शिकवलेला. मातीची पाळ थोडी पाझरतेच. तिच्यातून निवळ पाणी झिरपत असेल तर त्यावर लक्ष ठेवायचं. पाणी गढूळ झालं याचा अर्थ ते पाळीच्या आतली माती घेऊन बाहेर पडतंय. आत नळी तयार होते, नळीचं भगदाड होतं, आणि मग पाळ बसते. पहिला थेंब गढूळ झाल्यापासून पाळ फुटेपर्यंत कधी आठवडे जातात, तर कधी काही तासच.

माझ्या वहिनीचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांना फोनवर घेतलं. त्यांनी व्हिडिओवर जागा पाहिली आणि पहिलं वाक्य बोलले, “बाहेरून चिखल लिंपू नका.” आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात नेमकं तेच होतं. ते म्हणाले, “बाहेरून भोक बुजवलं तर पाणी आत दाब धरतं आणि दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाड वाळू टाका, वर गिट्टी, त्यावर दगड. पाणी येऊ द्या, माती येऊ देऊ नका. आणि बोडीतलं पाणी उतरवा. पण हळू. एकदम उतरवलं तर ओली पाळ आतल्या बाजूला घसरेल.”

पाणी उतरवायला गेले तर सांडव्यावर जाळी. बोडीत मासे सोडले आहेत, ते वाहून जाऊ नयेत म्हणून ज्याला मासेमारी दिली त्यानं ती लावलेली. जाळीला पालापाचोळा आणि बेशरमच्या फांद्या अडकून सांडवा जवळजवळ बंद झाला होता. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी पाळीला धक्का न लावता निघून जाण्याची वाट. ती अडली की पाणी पाळीवरून जातं, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती टिकत नाही.

काकाजींनी टोल्यावरच्या पोरांना घेऊन जाळी काढली, वाळू-गिट्टी टाकली, मोरी अर्धी उघडली. टोल्यातली मंडळी तीन रात्री गावातल्या शाळेत झोपली. चौथ्या दिवशी झिरपणारं पाणी पुन्हा निवळ झालं. कुणाचं काही गेलं नाही. गेलं ते पाणी. निम्मी बोडी उतरली, आणि सप्टेंबरच्या शेवटी पावसानं ताण दिला तेव्हा खालच्या सहा एकर धानाला ते पाणी नव्हतं. त्यातले चार एकर काकाजींचे, दोन टोल्यावरच्या कुटुंबांचे.

इथं मला थांबावंसं वाटतं. आम्ही नऊ सहहिस्सेदार. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या रविवारी पन्नास-साठ निरोप आले. ‘काळजी घ्या’, ‘सरकारला कळवा’, ‘जिल्हा परिषदेचं काम आहे’, ‘खर्च किती?’ पाणी सोडा, असं आम्ही आठ जण सहज म्हणू शकलो, कारण आमच्या ताटातला भात त्या बोडीवर अवलंबून नाही. काकाजींचा आहे. धोका टोल्याला, तोटा काकाजींना, आणि मालकी नऊ जणांची. या तीन गोष्टी तीन ठिकाणी गेल्या की पाळीकडे बघणारं कोणी उरत नाही.

सरकार बघेल, ही समजूतही तपासून पाहिली. भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. चांगला कायदा आहे, पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधली असतील तर लांबी, साठा अशा काही अटी बसल्या तरच. त्याखालची हजारो छोटी धरणं, तलाव, बोड्या, शेततळी त्यात येत नाहीत. आमची पाळ चार मीटरही नाही. तिची तपासणी करणारा अधिकारी नाही, तिची नोंदवही नाही. सातबारा आहे तेवढा.

आणि सरकारी धरण असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं, लघुसिंचनाचं धरण. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळती होते आहे हे गावकऱ्यांनी आधीपासून सांगितलेलं होतं. नंतर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि महाराष्ट्रभर हसू झालं. खेकडे, उंदीर, साळींदर मातीत बिळं करतात हे खरंच आहे. पण बीळ एका रात्रीत होत नाही. बिळाकडे बघणारा माणस हवा, आणि त्यानं सांगितलं की ऐकणाराही हवा. तिवऱ्यात बघणारे होते.

खासगी धरणाचं उदाहरण हवं असेल तर केनियातलं सोलाई. ९ मे २०१८ च्या रात्री तिथल्या एका मोठ्या खासगी शेतीवरचं मातीचं धरण मुसळधार पावसात फुटलं आणि खालच्या वस्तीतली चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. शेतीचे मालक भारतीय वंशाचे, म्हणून धरणाचं नाव ‘पटेल डॅम’. ती बातमी वाचताना मला आमचा टोला दिसत होता.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. तर जुलै २०२१ आठवा. आपल्या ड्युसेलडॉर्फमध्ये एरवी पाय भिजतील एवढीच असलेली ड्युसेल नदी ग्राफेनबर्ग-गेरेसहाइमच्या घरांत शिरली होती. त्याच पावसात, इथून शंभर किलोमीटरच्या आत ऑयस्कीर्शनजवळ, श्टाइनबाखचं मातीचं धरण फुटतं की राहतं अशी वेळ आली. कापडगिरण्यांना पाणी हवं म्हणून १९३० च्या दशकात बांधलेलं हे धरण. पाणी पाळीवरून गेलं, मागच्या उताराची माती खरवडून निघाली. खालच्या गावांतून हजारो लोकांना हलवलं, महामार्ग बंद केला. तळाची मोरी गाळ-दगडांनी बुजलेली होती. एक स्थानिक कंत्राटदार त्या खचलेल्या पाळीच्या पायथ्याशी जेसीबीसारखं आपलं यंत्र घेऊन उतरला आणि त्यानं मोरी मोकळी केली. दुसरीकडे पंप लावून पाणी उपसत होते. काही दिवसांनी धोका टळला. जर्मनीत, एवढ्या यंत्रणा असतानाही, शेवटी कुणाला तरी पाळीच्या बुडाशी जावं लागलं.

पण या देशाकडून शिकण्यासारखं मला वाटतं ते संकटाच्या दिवसाचं नाही. ते कोरड्या दिवसांचं आहे. ओबरकासेलच्या बाजूला ऱ्हाइनच्या कुरणात मेंढ्या चरताना आपण सगळ्यांनी पाहिल्यात, मुलांचे फोटोही काढलेत. नदीकाठचा जो हिरवा उंचवटा आपण फिरायला वापरतो तो ‘डाइश’, म्हणजे पूर अडवणारा मातीचा बांधच. मेंढ्या गवत खुरटं ठेवतात, त्यामुळे भेग, बीळ, ओल चटकन दिसते. त्यांच्या छोट्या खुरांनी माती दाबली जाते आणि उंदरांची बिळं बुजतात. याला इथं ‘सोन्याचं पाऊल’ म्हणतात. या बांधांवर झाड-झुडूप वाढू देत नाहीत, कारण झाड वाळलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. आमच्या बोडीच्या पाळीवर बाभूळ आहे, दोन पळस आहेत आणि बेशरमचं तर रान माजलंय.

आणि इथं असते ‘डाइशशाऊ’. ठरलेल्या वेळी अधिकारी, बांधाची देखभाल करणारे, स्थानिक प्रतिनिधी असे सगळे मिळून बांधावरून चालत जातात. बघतात, लिहून घेतात, पुढच्या वेळी ते झालं का विचारतात. एवढंच. ऱ्हाइनच्या खालच्या भागात बांधामागे ज्यांची जमीन आहे ते देखभाल-संघाचे सभासद असतात आणि वर्गणी भरतात. सभासद व्हायचं की नाही हा प्रश्नच नसतो, जमिनीबरोबर ते येतंच.

याची मुळं जुनी आहेत. उत्तर समुद्राच्या काठी एक म्हण आहे: बांध राखायचा नसेल त्यानं जागा सोडावी. पूर्वी तिथं प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा आपापला तुकडा असे. ज्याला तो राखणं झेपत नसे त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि निघून जायचं. जो ते फावडं उपसेल त्याला जमीन मिळे, आणि तिच्यासोबत बांधही. कठोर नियम होता. पण जमीन माझी आणि बांध गावाचा, अशी वाटणी त्यात नव्हती.

आपल्याकडे न्यायालयांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. १८६८ साली इंग्लंडमधल्या एका प्रसिद्ध खटल्यात एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं. तिथं ठरलं की धोक्याची वस्तू आपल्या जमिनीत साठवणाऱ्यानं ती आपल्या जबाबदारीवर साठवावी. पुढे आजच्या आंध्रातल्या कार्वेतीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं, तो वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथं १८७४ मध्ये निकाल जमीनदाराच्या बाजूनं लागला. हिंदुस्थानातल्या शेतीला तलाव हवेतच, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे, आणि त्यात त्याचा हलगर्जीपणा दिसत नाही, असं त्याचं सार. हा निकाल मला फार समंजस वाटतो. तलाव ठेवला हा दोष नाही. पण ज्यानं काळजी घेतली त्यालाच तो निकाल आधार देतो. नुसतं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला नाही.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते. दसऱ्याला नऊ जणांचा व्हिडिओ कॉल झाला. एका चुलतभावाचं म्हणणं, बोडी मोडून टाकू; उन्हाळ्यात पाळ मधोमध नीट कापली की धोका संपला, कटकट संपली. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. जी पाळ राखता येत नाही ती शहाणपणानं मोडलेली बरी, पावसानं मोडण्यापेक्षा. पण बोडी गेली तर खालचं धान कोरडवाहू होणार आणि टोल्याच्या विहिरी आटणार. काकाजी फक्त एवढंच म्हणाले, “मी हावो तोवर पाहतो. मंग तुम्ही पाहा.”

त्यानंतर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

शेवटी हे ठरलं. उन्हाळ्यात बोडी कोरडी झाली की पाझराच्या जागी पाळ खोदून, चिकणमातीचे थर ओले करून कुटून पुन्हा भरायची. जुनी मोरी बदलायची, कारण मोरीच्या कडेनंच पाणी वाट काढतं. सांडवा रुंद करायचा आणि मासेमारीच्या करारात ‘सांडव्यावर जाळी नाही’ हे लिहून घ्यायचं. झुडपं काढायची, मोठी झाडं मात्र निवृत्त अभियंत्यांना विचारून, कारण झाड तोडून मूळ आत कुजू दिलं तर तेही वाईट. खर्च नऊ जणांत, पण काकाजींच्या वाटणीचा भाग आम्ही आठ जणांनी उचलायचा. त्यांचं यंदाचं धान आमच्या सगळ्यांच्या पाळीपायी गेलंय. टोल्यातल्या दोन तरुणांना पावसाळ्याचे चार महिने पाळ पाहायचे पैसे द्यायचे. रोज एक चक्कर, जोराच्या पावसात दोन, आणि गटावर तीन फोटो: सांडवा, पाळीचं बूड, मोरीचं तोंड. टोल्यातलं एक माणूस आमच्या गटात घ्यायचं हेही ठरलं. पाळीखाली झोपणाऱ्याला आपल्याआधी कळायला हवं. मोडायची की ठेवायची, याचा निर्णय तीन पावसाळ्यांनंतर, आणि तेव्हा टोल्याला विचारूनच.

चुलतभावानं अजून पैसे पाठवलेले नाहीत. पाठवेल असं वाटतं. नाही पाठवले तर आमच्या दोघी बहिणींत ते वाटून घेऊ, पण काम मार्चमध्ये सुरू होईल.

मंडळी, तुमच्याकडे बोडी नसेल. शेततळं असेल, नाल्यावरचा बांध असेल, डोंगरकडेची दगडी गडग असेल, नाहीतर गावातल्या वाड्याची कलती भिंत, जिच्या पलीकडे दुसऱ्याचं अंगण आहे. शेततळ्याला प्लॅस्टिक असेल तर त्याच्या निसरड्या कडेला कुंपण आणि आत एक दोर आहे का तेही बघायला सांगा. त्यात पडलेल्याला वर चढता येत नाही. या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी होईल, ‘यंदा पाऊस कसा झाला?’ हेही होईल. त्याच्यापुढे एक प्रश्न विचारा: पाळ कोणी पाहिली? उत्तरात एखाद्याचं नाव आलं तर त्याला आपल्यातर्फे दिवाळीची भेट पाठवा. आणि नाव आलं नाही, तर यंदा गावी जाल तेव्हा चपला घालून तुम्हीच एक चक्कर मारून या.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.